तारेच्या जुळ्यापासून बॅटरीच्या जुळ्यापर्यंत

कापसाच्या गाठीत प्लॅस्टिकचा एखादा धागा गेला, तर तो कुठे सापडतो? जिनिंगमध्ये बहुधा नाही, प्रेसमध्येही नाही. सूत कातताना, कापड विणताना तो अनेकदा निसटतो. मग कापड रंगाच्या हौदात जातं आणि ताग्यावर रंग न घेतलेली एक रेघ उमटते. तोपर्यंत त्या कापडावर वेचणीपासून रंगाईपर्यंत सगळ्यांची मजुरी चढलेली असते. दोष घडला राळेगावच्या किंवा पांढरकवड्याच्या शेतात, वेचणीला नेलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यामुळे, आणि कळला दूरच्या गिरणीत. दोष कधी घडला आणि कधी कळला, यातलं अंतर जितकं जास्त, तितकं नुकसान जास्त. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आजचा विषय वरवर पाहता आपल्यापासून फार लांबचा आहे: बॅटरीच्या कारखान्यातले दोष आणि ते कमी करण्यासाठी वापरलं जाणारं ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे संगणकातलं जुळं. पण प्रश्न गाठीतल्या धाग्याचाच आहे. बॅटरीचा सेल एकदा बंद झाला की उघडून पाहता येत नाही. उघडला तर तो निकामी होतो. मग आत काय बिघडलं आहे, हे न उघडता कसं ओळखायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यातलं एक जुनं पान आपल्याच देशात लिहिलं गेलं आहे.

सुरुवात करू या १८५९ पासून. त्या वर्षी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे मध्ये पट्ट्या ठेवून गुंडाळले आणि सल्फ्युरिक आम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा भारित होऊ शकणारी ही पहिली बॅटरी. पण ती तयार होताच कामाला येत नसे. पत्र्यांवर योग्य थर जमेपर्यंत ती कित्येकदा भरावी आणि रिकामी करावी लागे, आणि त्यात महिने जात. या क्रियेला ‘फॉर्मेशन’ म्हणत. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा हा वेळ पुष्कळ कमी झाला. तरी फॉर्मेशन हा शब्द आणि ती पायरी दोन्ही टिकून राहिले. आजच्या लिथियम बॅटरीच्या कारखान्यातही पहिल्या संथ भारणाला हेच नाव आहे. म्हणजे बॅटरी ही जन्मापासूनच अशी वस्तू आहे, की जिचा चांगुलपणा बनवताना दिसत नाही. नंतर, वाट पाहून कळतो.

त्याच सुमारास वऱ्हाडात काय चाललं होतं? आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळालं. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावची रेल्वे शाखा सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली. कापूस आगगाडीनं जाऊ लागला आणि त्याचा भाव तारेनं येऊ लागला. त्या काळची तार बॅटरीवर चालायची. भारतीय तारखात्यात मिनोत्तो पद्धतीचे सेल वापरले जात. त्यांत तांबं आणि जस्त यांच्यामध्ये वाळूचा थर असे.

तारेच्या व्यवहाराला एक मोठी अडचण होती. एका तारेवरून एका वेळी एकाच दिशेनं संदेश जाई. दोन्ही टोकांनी एकदम बोलायचं, तर आपण पाठवलेल्या विजेनं आपलंच यंत्र हलता कामा नये. त्यावर निघालेला उपाय मला विलक्षण वाटतो. तारघरातच एका पेटीत रोधक आणि धारित्रं बसवायची आणि त्यांची जुळणी अशी करायची, की विजेच्या दृष्टीनं ती पेटी म्हणजे बाहेरची शेकडो मैलांची तार वाटावी. तिला ‘कृत्रिम लाइन’ म्हणत. पाठवलेली वीज दोन सारख्या वाटांनी जाई, अर्धी खऱ्या तारेत आणि अर्धी या जुळ्या तारेत. दोन्ही बरोबरीच्या असल्या की आपल्या यंत्राचा काटा स्थिर राही. तो हलला, तर ते पलीकडच्या माणसाचं बोलणं.

अमेरिकेतल्या बोस्टनच्या स्टर्न्स यांनी १८७२ च्या सुमारास या पद्धतीत धारित्रं आणून ती उपयोगात आणण्याजोगी केली. तिचा सविस्तर गणिती सिद्धांत मांडणाऱ्यांमध्ये आपल्या तारखात्यातले जर्मन विद्युत्‌तज्ज्ञ लुई श्वेंडलर होते. त्यांचे निबंध १८७४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. तारमार्गांची तपासणी कशी करावी, एका टोकाला बसून मोजमापं घेऊन दोष कुठे आहे हे कसं शोधावं, यावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. शेकडो मैल तार उकलून पाहणं शक्य नव्हतं, म्हणून मोजमाप.

या कृत्रिम लाइनची एक खोड होती आणि आजच्या विषयाचं सगळं मर्म तिच्यात आहे. पावसाळा आला की खांबांवरच्या चिनी मातीच्या विद्युत्‌रोधकांवर ओल धरे आणि वीज वाटेत झिरपून जाई. बाहेरची तार बदले, पण पेटी तशीच राही. काटा हलू लागे. मग तारबाबूला पेटीतले खटके पुन्हा जुळवावे लागत. म्हणजे जुळं एकदा करून ठेवलं, असं चालत नसे. खऱ्या तारेची खबर घेऊन ते रोज तिच्या बरोबरीला आणावं लागे. खबर घेणं थांबलं की ते जुळं राहत नसे. ती नुसती पेटी होई.

पुढचा टप्पा अंतराळातला आहे, आणि योगायोगानं बॅटरीशीच बांधलेला. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातली प्राणवायूची दुसऱ्या क्रमांकाची टाकी फुटली. चौकशीत दिसलं, की टाकीतले तापमान राखणारे खटके २८ व्होल्टसाठी बनवलेले होते आणि जमिनीवरच्या चाचणीत त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा दिला गेला होता. खटके चिकटले, टाकी बेसुमार तापली आणि आतल्या तारांचं आवरण खराब झालं. बाहेरून मात्र टाकी नीटनेटकी होती. दोष जमिनीवर घडला आणि कळला पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरवर. आपला गाठीतला धागा तो हाच.

यानातली वीज संपत आली होती. परतीसाठी लागणाऱ्या बॅटऱ्यांतलं भारण तोलूनमापून वापरायचं होतं. ह्यूस्टनमध्ये यानाच्या हुबेहूब प्रतिकृती होत्या. त्यांना अंतराळवीरांकडून कळलेली यानाची अवस्था दिली गेली आणि कोणता खटका कोणत्या क्रमानं चालू केला तर वीज पुरेल, हे तिथे करून पाहिलं गेलं. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप उतरले. डिजिटल ट्विनचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या घटनेपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात श्वेंडलरांच्या पेटीपर्यंत मागे न्यावीशी वाटते, कारण तत्त्व तेच आहे: प्रतिकृतीला मूळ वस्तूची ताजी खबर मिळत राहिली पाहिजे.

कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूचं असं जुळं संगणकात असावं, ही कल्पना मायकेल ग्रीव्ह्‌ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मांडली. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव २०१० च्या सुमारास नासाच्या जॉन व्हिकर्स यांनी रूढ केलं. तोपर्यंत बॅटरीच्या जगात मोठा बदल झालेला होता. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी २०१९ मध्ये गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ही बॅटरी ताकदवान, पण नाजूक. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर काळ्या लगद्याचा लेप देतात, तो भट्टीत वाळवतात, रुळांखाली दाबतात, कापतात, मध्ये पातळ पडदा घालून गुंडाळतात किंवा थर रचतात, वेल्डिंग करतात, द्रव भरतात आणि सेल बंद करतात. धन आणि ऋण बाजूंमध्ये असतो तो फक्त तो पडदा, माणसाच्या केसापेक्षा पातळ. धातूचा एखादा कण, कापताना राहिलेली धारदार कड किंवा पडद्याला पडलेली चुणी एवढंही पुरतं. आतल्या आत वीज जोडली जाते आणि सेल पेटतो.

हे काही काल्पनिक भय नाही. २००६ मध्ये डेलनं लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. सोनीच्या सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण शिरले होते. २०१६ मध्ये सॅमसंगला नोट ७ हा फोनच बंद करावा लागला. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातला ऋण पत्रा वाकलेला निघाला, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार अवशेष. २०२१ मध्ये जनरल मोटर्सनं आपल्या सगळ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार, बोल्ट मोटारी परत बोलावल्या. एकाच सेलमध्ये फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा हे दोन दोष एकत्र आले की आग लागण्याची शक्यता होती.

साधं गणित करून पाहू. समजा, एका मोटारीत ७,००० लहान सेल आहेत. काही मोटारींत ते खरोखरच इतके असतात. समजा, कारखान्याचं काम इतकं चोख आहे की १० लाख सेलमागे एकच सदोष निघतो. तरीही सुमारे १४३ मोटारींमागे एका मोटारीत सदोष सेल बसलेला असेल. लाखात एक ही आपल्याकडे स्तुती आहे. बॅटरीच्या कारखान्यात ती तक्रार ठरते.

आता जुळं इथे काय करतं ते पाहू. लेप वाळवण्याची भट्टी घ्या. फार वेगानं वाळवलं, तर लेप धरून ठेवणारं चिकट द्रव्य वरच्या थराकडे सरकतं आणि तळाशी पकड सुटते. सावकाश वाळवलं, तर वीज आणि वेळ जातो. लेप बाहेर येतो तेव्हा दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो फॉर्मेशननंतर, कित्येकदा पंधरवड्यानं, आणि तोवर तशाच लेपाचे हजारो सेल बनून गेलेले असतात. संगणकातल्या जुळ्याला भट्टीची उष्णता, हवेचा झोत, लेपाची जाडी यांची मोजमापं क्षणोक्षणी मिळतात. त्यांवरून आतली सच्छिद्रता काय असेल, पकड कशी असेल, याचा हिशेब ते तिथल्या तिथे मांडतं, आणि भट्टी वेळीच जुळवता येते.

दुसरा उपयोग फॉर्मेशनच्या वेळचा. प्रत्येक सेलला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्याकडे आता कापसाच्या गाठींवर क्यूआर कोड लावतात, तसाच. हा सेल कोणत्या लगद्याचा, कोणत्या रुळाचा, किती द्रवाचा, हे नोंदलेलं असतं. त्यावरून जुळं सांगतं, की भारताना याचा व्होल्टेज असा असा चढायला हवा. खरा सेल त्यापेक्षा वेगळा वागला, तर तो बाजूला काढायचा. जुळ्याचं आणि मुळाचं जमलं नाही, ती दोषाची खूण. श्वेंडलरांच्या यंत्राचा काटा जे सांगत होता, तेच हे.

या हिशेबाची समीकरणं अचानक आली नाहीत. बर्कलीचे जॉन न्यूमन आणि त्यांचे सहकारी डॉइल व फुलर यांनी १९९३ मध्ये लिथियम सेलच्या आत काय घडतं, त्याचं गणिती प्रारूप प्रसिद्ध केलं. आजची बहुतेक जुळी त्याच पायावर उभी आहेत. फ्रान्समधल्या आमियाँ इथे आलेहांद्रो फ्रांको यांच्या गटानं २०१८ पासून लगद्यापासून सेलपर्यंतच्या प्रत्येक पायरीची संगणकीय प्रतिकृती रचण्याचं काम केलं.

महाराष्ट्रालाही या क्षेत्राची पार्श्वभूमी आहे. पुण्याजवळ चिंचवडला १९६९ मध्ये, आज एक्साइड नावानं ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा शिशाच्या बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला. १९८१ मध्ये फकीरचंद कोहली आणि ई. सी. सुब्बाराव यांच्या पुढाकारानं पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र उभं राहिलं. खनिजं दळणं, पोलाद बनवणं अशा प्रक्रियांची गणिती प्रारूपं करण्याचं काम तिथे ‘ट्विन’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पुण्याच्याच आयसर संस्थेच्या साथीनं केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. म्हणजे बॅटरी, गणित आणि रसायन या तिन्हींची जाण आपल्याकडे आहे.

आणि गरजही आहे. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. त्या उन्हाळ्यात देशात अशा आणखी घटना घडल्या. केंद्र सरकारनं चौकशी करवली, बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानं लागू झाले. सेल कधी बनला, त्याचा महिना आणि वर्ष दिसलं पाहिजे, हीसुद्धा त्यांतली एक अट. सेलला जन्मतारीख असावी, हे कायद्याला तेव्हा सांगावं लागलं.

आता यवतमाळ जिल्ह्यात परत येऊ. इथे बॅटरी सगळ्यात जास्त कुणाच्या खांद्यावर आहे? फवारणी करणाऱ्याच्या. हातानं दांडा मारायच्या पंपाची जागा बॅटरीच्या पंपानं घेतली, त्याला फार वर्षं झाली नाहीत. बहुतेकांच्या तळाशी १२ व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी असते. अलीकडे लिथियमच्याही येऊ लागल्या आहेत. या पंपानं श्रम वाचवले. पण २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. कारणं अनेक होती: औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं, दमट हवा, त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली कपाशी. त्यांत जास्त दाबाच्या पंपांचाही उल्लेख झाला. बॅटरीत दोष नव्हता. पण पंप ज्या कुणी, जिथे कुठे तपासला असेल, तिथे डोक्याएवढी कपाशी नव्हती, एवढं नक्की.

म्हणूनच माझा मुद्दा असा, की जुळं कशाचं करायचं हे आधी ठरवलं पाहिजे. कारखान्यातल्या बॅटरीचं जुळं कारखान्याच्या दाराशी संपलं, तर त्याला निम्मंच कळेल. आपल्याकडच्या पंपाची बॅटरी चार महिने रोज राबते. मग दिवाळीनंतर ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत टिनाच्या खोलीत पडून राहते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. उतरलेल्या बॅटरीत शिशाच्या क्षाराचे स्फटिक घट्ट होत जातात आणि पुढच्या आषाढात ती भारणच घेत नाही. हमीची मुदत तोवर बहुधा संपलेली असते. दुकानदार म्हणतो, नीट चार्ज केली नसेल. शेतकरी म्हणतो, मालच खराब होता. दोघांपैकी कोण बरोबर, हे सांगणारी नोंद कुणाकडेच नसते. अळी काही या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

ती बॅटरी मग भंगारात जाते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि शिशाला तर भाव असतोच. त्यामुळे शिसं परत जातं. पण ही बॅटरी कोणत्या गावात, किती दिवस, कशी वापरली गेली आणि कशामुळे गेली, ही खबर परत जात नाही. ती जाईल तेव्हाच कारखान्यातलं जुळं खरं जुळं होईल. दोष बनवण्यात होता की वापरण्यात, याचा निवाडा मग शेतकऱ्याच्या आणि दुकानदाराच्या शब्दावर राहणार नाही.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागते असंही नाही. बॅटरीवर क्रमांक असावा. दारव्हा, उमरखेड, वणी इथल्या दुकानदारानं जुनी बॅटरी घेताना तो क्रमांक, किती महिने चालली आणि परत येताना व्होल्टेज किती होता, एवढ्या तीन गोष्टी टिपाव्यात आणि कंपनीनं त्या मागून घ्याव्यात. कापसाच्या गाठीचा माग आपण काढू लागलो, तो परदेशी गिऱ्हाईक विचारू लागलं म्हणूनही. बॅटरीच्या बाबतीत गिऱ्हाईक आपण आहोत. तेव्हा विचारायचं काम आपलं.

श्वेंडलरांच्या काळातला तारबाबू पावसाची पहिली सर आली की पेटीशी जाऊन बसे, कारण बाहेरची तार बदलली आहे, हे त्याला ठाऊक असे. बॅटरीचं जुळं सांभाळणाऱ्यांनाही आमच्या मृगाची आणि आमच्या मे महिन्याची खबर लागली पाहिजे.